राळेगाव ते रायसीना : नवशिक्यांसाठी

पुढचं मार्गदर्शन यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव नगरपंचायतीच्या हद्दीत राहणाऱ्या, पस्तिशी ओलांडलेल्या आणि सध्या हाताला फारसं काम नसलेल्या नागरिकांसाठी आहे. कापूस घरात येऊन पडला आहे, भाव चढेल म्हणून विकवत नाही आणि अंगाला खाज सुटते म्हणून घरात ठेववत नाही, असा जो महिना-दीड महिना असतो, तो राष्ट्रपतिपदाच्या तयारीला सर्वांत चांगला. बाहेरगावच्या वाचकांनी आपापल्या तालुक्याचं नाव घालून वाचावं. गणित थोडं बदलेल, बाकी सगळं तेच.

आधी मूळ शंका मिटवू. २०२२ च्या जुलैत झड लागली होती आणि बस स्टँडजवळच्या टपरीवर माणसं अडकून बसली होती. टीव्हीवर राष्ट्रपतींच्या निवडणुकीचं चाललं होतं.

"काहून गा, थो राष्ट्रपती करते तरी काय?"

"सही करते."

"बस?"

"बस. मंत्रिमंडळानं पाठवलं का सही."

"मंग त्याच्यापरीस आपला पटवारी भारी. थो निदान फेरफार अडवून तं ठेवते."

सगळे हसले, मीही हसलो. घरी आल्यावर लक्षात आलं की या माणसानं घटना समितीतला मोठा वाद चहाच्या एका घोटात निकालात काढला होता. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटनेचा मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी हेच समजावून सांगितलं होतं : आपला राष्ट्रपती इंग्लंडच्या राजासारखा, राज्याचा प्रमुख पण कारभाराचा नव्हे. ज्या मुद्रेनं राष्ट्राचे निर्णय जाहीर होतात, त्या मुद्रेवरच्या चिन्हासारखं त्याचं स्थान. थोडक्यात, शिक्का.

दिल्लीचे जाणकार 'रबर स्टँप' म्हणून नाक मुरडतात, कारण त्यांना कधी शिक्क्यासाठी ताटकळावं लागलेलं नाही. तालुक्याच्या गावी राहणाऱ्याला शिक्क्याची किंमत सांगायला नको. सही आहे पण शिक्का नाही, शिक्का आहे पण गोल नाही, गोल आहे पण शाई पुसट, एवढ्यावर पोरांचे प्रवेश हुकतात. एका कचेरीत माझ्या दाखल्यावर शिक्का नेमका तारखेवर पडला. तारीख वाचता येईना. ज्यानं तो मारला त्यालाही येईना. "पुन्हा अर्ज करा," म्हणाला, आणि पंधरा दिवस गेले. त्या दिवसापासून 'नुसता शिक्का' हे शब्द माझ्या तोंडून निघालेले नाहीत.

तेव्हा राष्ट्रपतींचा इतिहास आपण शिक्क्यांवरूनच शिकणार आहोत. कुणी चटकन उमटवला, कुणी दाबून धरला, कुणाच्या हातून अपरात्री पडला. पण आधी प्रवेशप्रक्रिया.

धडा पहिला : पात्रता

घटनेच्या कलम ५८ प्रमाणे उमेदवार भारताचा नागरिक हवा, वय ३५ पूर्ण हवं, लोकसभेवर निवडून यायला पात्र हवा आणि सरकारकडे लाभाचं पद नको. शिक्षणाची अट नाही. पोलीस शिपायाच्या भरतीला बारावी लागते, धावावं लागतं, गोळा फेकावा लागतो. राष्ट्रपतीला यातलं काही नाही. वयाची वरची मर्यादाही नाही, त्यामुळे भरतीतून वय निघून गेलेल्यांनी निराश होऊ नये.

लाभाच्या पदाची अट मात्र नीट वाचा. राज्यपाल आणि मंत्री यांची पदं त्यात धरत नाहीत. जिल्हा परिषदेच्या शिपायाचं पद धरतात. मंत्र्यानं खुर्चीत बसून अर्ज भरावा, शिपायानं राजीनामा देऊन.

धडा दुसरा : शंभर सह्या

पूर्वी हा धडा फार सोपा होता. दोन जणांच्या सह्या घेतल्या की कोणालाही उभं राहता येई, आणि लोक राहत. चौधरी हरी राम नावाचे गृहस्थ १९५२ पासून १९६९ पर्यंत उभे राहतच होते. १९५७ ला त्यांना २,६७२ मतमूल्य मिळालं. समोर राजेंद्रबाबू होते आणि त्यांना मिळालं साडेचार लाखांवर. १९६७ ला सतरा उमेदवार होते, त्यांतल्या नऊ जणांना शून्य. ग्रामपंचायतीत असं झालं तर माणूस वर्षभर पारावर फिरकत नाही, कारण बायकोनंही मत दिलं नाही हे गावभर होतं. इथं ती नामुष्की नाही. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत उमेदवाराची बायको मतदार नसते, बहुधा उमेदवारही नसतो.

मग सरकारला हौशी उमेदवारांचा कंटाळा आला. १९७४ मध्ये दहा सूचक, दहा अनुमोदक आणि अडीच हजार रुपये अनामत अशी अट आली. तरीही १९७७ ला सदतीस जणांनी अर्ज भरले. छाननीत छत्तीस बाद झाले आणि नीलम संजीव रेड्डी बिनविरोध निवडून आले. १९९७ पासून पन्नास सूचक, पन्नास अनुमोदक आणि पंधरा हजार रुपये लागतात.

पंधरा हजार ही अडचण नाही. त्यापेक्षा जास्त रक्कम आपण बोंडअळीच्या फवारणीत घालवतो. अडचण शंभर सह्यांची आहे, कारण सह्या करणारे सगळे खासदार किंवा आमदार हवेत आणि एकाला एकाच उमेदवारासाठी सही करता येते. राळेगावला आमदार एक. खासदार धरला तर दोन. उरले अठ्ठ्याण्णव. ते कुठून आणायचे हे या मार्गदर्शकाच्या कक्षेबाहेरचं आहे.

धडा तिसरा : सुरुवात नगरपंचायतीपासून

नवशिक्यांनी सर्वांत लक्ष देऊन वाचावा असा हा धडा आहे. राष्ट्रपती व्हायला आधी काय असावं लागतं? राजेंद्रबाबू घटना समितीचे अध्यक्ष होते. राधाकृष्णन तत्त्वज्ञ आणि त्याआधी उपराष्ट्रपती. झाकीर हुसेन शिक्षणतज्ज्ञ, तेही उपराष्ट्रपती. व्यंकटरमण, शर्मा, नारायणन हे तिघं ओळीनं उपराष्ट्रपती होते आणि ओळीनं वर सरकले. कलामसाहेब रॉकेटवाले. ही माणसं पाहून राळेगावच्या उमेदवाराला घाम फुटेल.

तेव्हा यादीच्या शेवटी या. ओडिशात मयूरभंज जिल्ह्यात रायरंगपूर नावाचं तालुक्याएवढं गाव आहे. तिथं १९९७ मध्ये एक बाई नगरपंचायतीवर निवडून आल्या. त्याआधी पाटबंधारे खात्यात कारकून होत्या, नंतर शाळेत शिकवत. २००० ला आमदार झाल्या, २००४ ला पुन्हा. २०१५ ला झारखंडच्या राज्यपाल. २५ जुलै २०२२ ला राष्ट्रपती. द्रौपदी मुर्मू या पहिल्या आदिवासी राष्ट्रपती आणि स्वातंत्र्यानंतर जन्मलेल्या पहिल्या राष्ट्रपती. नगरपंचायतीच्या नळाच्या तक्रारीपासून रायसीना टेकडीवरच्या ३४० खोल्यांच्या वाड्यापर्यंत पंचवीस वर्षं.

राळेगावलाही नगरपंचायत आहे. सदस्य सतरा. विधानसभेचा मतदारसंघ अनुसूचित जमातीसाठी राखीव. तालुक्यात गोंडांची गावं आहेत, कोलामांचे पोड आहेत. रायरंगपूरला जे होतं त्यातलं आपल्याकडे काय नाही, याचा मी बराच विचार केला. उत्तर एवढंच सुचलं की रायरंगपूरला रेल्वे स्टेशन आहे. आपल्याकडे वर्ध्याहून निघालेली गाडी २०२४ ला कळंबपर्यंत येऊन पोचली आहे, म्हणजे तीही सबब फार दिवस टिकणार नाही.

धडा चौथा : १७५

राळेगावचा माणूस राष्ट्रपती होईल तेव्हा होईल. राष्ट्रपती निवडण्यात मात्र राळेगावचा वाटा पहिल्यापासून आहे आणि तो नेमका किती, हे मोजता येतं.

राष्ट्रपतीला आपण मत देत नाही, आपले आमदार आणि खासदार देतात. आमदाराच्या मताला किंमत असते. राज्याची लोकसंख्या घ्या, तिला आमदारांच्या संख्येनं भागा, पुन्हा हजारानं भागा. महाराष्ट्राची लोकसंख्या ५ कोटी ४ लाख १२ हजार २३५. भागिले २८८, भागिले हजार. आलं १७५. म्हणजे राळेगावच्या आमदारानं मतपत्रिकेवर १ लिहिला की तो १७५ मोजायचा. मलबार हिलच्या आमदाराचाही १७५ च. मुंबईशी इतकी काटेकोर बरोबरी आपल्याला दुसऱ्या कशात मिळालेली नाही. उत्तर प्रदेशच्या आमदाराची किंमत २०८, सिक्कीमच्या आमदाराची ७. ज्याला आपण कमी पडलो असं वाटतं, त्यानं गंगटोककडे पाहावं.

चाणाक्ष विद्यार्थ्यानं आतापर्यंत हात वर केला असेल. महाराष्ट्राची लोकसंख्या पाच कोटी? २०११ लाच ती सव्वाअकरा कोटींच्या जवळ होती.

बरोबर. हा आकडा १९७१ च्या जनगणनेचा आहे. ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन मनावर घेतलं त्यांचं वजन घटू नये म्हणून १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं हिशेब तिथंच गोठवला. तो २००० नंतर मोकळा व्हायचा होता, तेव्हा आणखी एक दुरुस्ती करून मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. आणेवारी जुन्या पिकावर काढावी तसा हा प्रकार. १९७१ च्या जनगणनेनंतर राळेगावात जन्मलेला कोणीही राष्ट्रपतीच्या निवडणुकीत अजून जन्मलेलाच नाही. कोलामपोडावरच्या ज्या पोरीनं २०२२ ला टीव्हीवर मुर्मूबाईंचा शपथविधी पाहिला असेल, तिचा शंभरातला एक हिस्साही त्या १७५ मध्ये नाही. तिच्या आजोबांचा आहे, आणि ते वारले असले तरी आहे.

आता मतदानाचा दिवस. मुंबईत विधान भवनात आमदारांना गुलाबी मतपत्रिका मिळते, दिल्लीत खासदारांना हिरवी. फुली मारायची नाही, बटण दाबायचं नाही, पसंतीक्रम आकड्यात लिहायचा. पेनही घरचा चालत नाही. जांभळ्या शाईचा पेन आयोगच हातात देतो. पक्षाला व्हिप काढता येत नाही आणि मतदान गुप्त असतं. त्यामुळे राळेगावच्या आमदारांनी, म्हणजे २००७ ला वसंत पुरके यांनी आणि २०२२ ला अशोक उईके यांनी, १ कुणापुढे लिहिला, याचा अंदाज टपरीवर बसून बांधावा, छापू नये.

मतदान झालं की पेटी सील करतात आणि विमानानं दिल्लीला नेतात. २०२२ ला पेटीचं वेगळं तिकीट काढलं होतं, प्रवाशाचं नाव 'मिस्टर बॅलट बॉक्स', जागा पुढच्या रांगेत. शेजारी अधिकारी. आपला १७५ असा खुर्चीत बसून, पट्टा बांधून दिल्लीला गेला. राळेगावातून विमानानं गेलेल्या फार थोड्या गोष्टींपैकी ही एक.

धडा पाचवा : यादी पाठ करणे

अभ्यासिकेतली पोरं यादी तालावर पाठ करतात. प्रसाद-राधा-झाकीर-गिरी, फक्रू-रेड्डी-झैल, असं पुढे. पेपरला एवढं पुरतं. पण तालात जे बसत नाही ते सुटतं, आणि परीक्षक नेमकं तेच विचारतो.

जुन्या वर्तमानपत्रांचे बांधीव अंक हाताळणार असाल तर आधी एक सावधगिरी. स्वातंत्र्याच्या आधी 'राष्ट्रपती' म्हणजे काँग्रेसचा अध्यक्ष. 'राष्ट्रपती सुभाषबाबू' असं दिसलं तर दचकू नका आणि यादीत तर मुळीच घालू नका.

पहिले राजेंद्रबाबू, २६ जानेवारी १९५० ते १३ मे १९६२. दोन वेळा पूर्ण मुदत मिळालेले हे एकटेच. हिंदू कोड बिल त्यांना पटत नव्हतं आणि १९५१ मध्ये त्यांनी तसं नेहरूंना कळवलं. शिक्का हातात घेऊन 'हा मला मारायचा नाही' म्हणता येतं का, हा प्रश्न तिथून सुरू झाला. उत्तर 'नाही' असं निघालं.

राधाकृष्णन यांच्यावर वेळ घालवू नका, शिक्षकदिनामुळे ते लक्षात राहतातच. १९६९ मात्र नीट बघायचं आहे.

३ मे १९६९ ला झाकीर हुसेन पदावर असताना वारले. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी हंगामी राष्ट्रपती झाले. त्यांना पक्कं व्हायचं होतं. १९ जुलैला त्यांनी चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या अध्यादेशावर सही केली आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा देऊन उमेदवार म्हणून मोकळे झाले. त्या चौदांत सेंट्रल बँक होती, बँक ऑफ महाराष्ट्रही होती. पीककर्जासाठी बँकेच्या ओट्यावर बसून राहिलेल्यांनी ही तारीख पाठ करावी. त्या ओट्यापर्यंतची वाट गिरींच्या त्या शिक्क्यातून निघते.

आता राष्ट्रपती नाही, उपराष्ट्रपती नाही. खुर्चीवर कोण? असा प्रसंग येईल हे आधी कुणाच्या डोक्यात नव्हतं, म्हणून मे महिन्यातच घाईनं कायदा केला होता : दोन्ही नसतील तर सरन्यायाधीश. आणि सरन्यायाधीश होते मोहम्मद हिदायतुल्ला.

हा माणूस आपला. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेला, केंब्रिजहून येऊन नागपूरलाच वकिली केलेला, मध्यप्रांत-वऱ्हाडचा अॅडव्होकेट जनरल, आणि १९५४ ला नागपूर उच्च न्यायालयाचा मुख्य न्यायाधीश. तेव्हा यवतमाळकडचे दावे अपिलात त्याच न्यायालयात जात. धुऱ्याच्या भांडणात ज्यांचे आजोबा वकिलाची फी भरता भरता नागपूरच्या गाडीत म्हातारे झाले, त्यांनी घरातली जुनी निकालपत्रं चाळावीत. भावी राष्ट्रपतीची सही सापडू शकते. २० जुलै ते २४ ऑगस्ट १९६९, हिदायतुल्ला पस्तीस दिवस राष्ट्रपती भवनात होते. त्या पस्तीस दिवसांत अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन दिल्लीला आले, त्यांचं स्वागत यांनी केलं. अध्यादेशाच्या जागी आलेल्या बँक राष्ट्रीयीकरण कायद्यालाही शिक्का यांचाच. मग उठले आणि परत न्यायालयात जाऊन बसले. पुढे उपराष्ट्रपती झाले, १९८२ ला झैलसिंग शस्त्रक्रियेसाठी अमेरिकेला गेले तेव्हा पुन्हा काही दिवस ते काम पाहिलं. दोनदा खुर्चीत बसले आणि पंधराच्या यादीत नाव नाही. आमच्याकडे प्रभारी मुख्याध्यापक म्हणून अख्खी नोकरी काढलेले गुरुजी असतात. फळ्यावरच्या पाटीत त्यांचंही नाव नसतं.

गिरींनंतर फक्रुद्दीन अली अहमद. यांचा शिक्का २५ जून १९७५ च्या रात्रीचा. आणीबाणीच्या जाहीरनाम्यावर त्यांनी सही केली तेव्हा मंत्रिमंडळाला पत्ताही नव्हता. मंत्र्यांना सकाळी सहाला बोलावून सांगितलं. त्या वर्षीच्या डिसेंबरात अबू अब्राहम यांनी व्यंगचित्र काढलं : राष्ट्रपती न्हाणीच्या टबात बसून अध्यादेशावर सही करून देताहेत आणि आणखी असतील तर जरा थांबायला सांगा म्हणताहेत. या पदावर लिहिलेल्या ग्रंथांपेक्षा ते चित्र मला जास्त उपयोगी पडलं. ११ फेब्रुवारी १९७७ ला अहमद पदावर असतानाच गेले आणि बी. डी. जत्ती हंगामी राष्ट्रपती झाले. जनता सरकारनं नऊ विधानसभा बरखास्त करायला सांगितल्या तेव्हा जत्तींनी आधी हात आखडला, मग शिक्का मारला. पुढच्या वर्षी घटनादुरुस्ती होऊन नियम पक्का झाला : राष्ट्रपतीला कागद एकदा परत पाठवता येतो. दुसऱ्यांदा आला की सही करायची.

म्हणजे पटवारी अजूनही पुढेच आहे.

पण ग्यानी झैलसिंग पटवाऱ्याच्या जवळ पोचले. १९८६ मध्ये टपाल दुरुस्ती विधेयक त्यांच्याकडे आलं. लोकांची पत्रं उघडण्याचे अधिकार सरकारला देणारं ते विधेयक होतं. ग्यानीजींनी सही केली नाही, नकार दिला नाही, परतही पाठवलं नाही. नुसतं ठेवलं. घटनेनं मुदत घातलेली नाही हे त्यांनी बरोबर हेरलं होतं. ते पदावर असेपर्यंत विधेयक तिथंच राहिलं आणि त्याचा कायदा कधी झाला नाही. ज्यांना फेरफाराचा अनुभव आहे त्यांना या युक्तीचं कौतुक समजावून सांगावं लागत नाही.

त्याच ग्यानीजींच्या कारकिर्दीत, १९८५ ला, राष्ट्रपतींच्या आदेशानं महाराष्ट्रातली अनुसूचित क्षेत्रं नव्यानं ठरली. राळेगाव तालुक्यातली काही गावं त्यात आली, बाकीची बाहेर राहिली. १९९६ च्या डिसेंबरात शंकर दयाळ शर्मांच्या सहीनं पेसा कायदा झाला तो त्या यादीतल्या गावांना लागू. शिवेच्या एका बाजूच्या ग्रामसभेला तेंदूपत्त्यावर, गौण खनिजावर बोलायचा अधिकार, दुसऱ्या बाजूच्या ग्रामसभेला नाही. दोन्हीकडे पऱ्हाटी तीच. 'राष्ट्रपतीनं काय फरक पडतो' असं विचारणाऱ्याला कोणत्याही व्याख्यानाला नेऊ नका, त्या शिवेवर नेऊन उभं करा.

नारायणन यांनी उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवटीची शिफारस १९९७ ला परत पाठवली, बिहारची १९९८ ला. कलामसाहेबांनी लाभाच्या पदाचं विधेयक २००६ ला परत पाठवलं. संसदेनं तसंच पुन्हा धाडलं आणि त्यांना सही करावी लागली. प्रणव मुखर्जींबद्दल त्यांच्या आठवणींचे खंड वाचा, मी तुमचा वेळ घेत नाही.

रामनाथ कोविंद यांचा शिक्का मात्र आपल्या राज्यावरचा. २०१९ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रात राष्ट्रपती राजवट होती. २३ नोव्हेंबरला ती उठली, पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी. त्या वेळी राळेगावात कापूस वेचायला निघणाऱ्या बाया चूल पेटवत होत्या. कास्तकाराचं कोणतंही काम सरकारदरबारी सूर्य उगवायच्या आत झालेलं मी पाहिलेलं नाही, म्हणून ही वेळ मिनिटासकट पाठ आहे.

धडा सहावा : वऱ्हाडची सून

प्रतिभाताई पाटील यांचा धडा वेगळा काढला, कारण तो आपल्या विभागाचा आहे. जन्म जळगाव जिल्ह्यातल्या नाडगावचा, सासर अमरावती. जळगाव आणि एदलाबादकडून १९६२ ते १९८५ आमदार, मग राज्यसभा, मग १९९१ ला अमरावतीतून लोकसभा, मग राजस्थानच्या राज्यपाल. पती देवीसिंह शेखावत अमरावतीचे आमदार आणि महापौर. २००७ ला त्या उभ्या राहिल्या तेव्हा समोर भैरोसिंह शेखावत. शेखावतांच्या घरातली सून आणि शेखावत अशी लढत. शिवसेना होती विरोधी आघाडीत, पण मराठी बाई म्हणून मतं ताईंना दिली. ६,३८,११६ विरुद्ध ३,३१,३०६. पहिल्या महिला राष्ट्रपती, पहिल्या मराठी राष्ट्रपती, आणि आजवरच्या शेवटच्याही मराठी.

त्यांनी फाशीच्या बऱ्याच शिक्षा जन्मठेपेत बदलल्या, त्यावर टीका झाली. पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर पुण्याहून सुखोईत बसून आकाशात गेल्या, त्यावर टाळ्या पडल्या. माझ्या मते पहिली गोष्ट दुसरीपेक्षा धाडसाची होती.

धडा सातवा : महाभियोग

तरतूद आहे. आजवर कुणावर झालेला नाही. पुढे चला.

धडा आठवा : हरणे

बहुतेक विद्यार्थ्यांना हाच धडा कामी येणार आहे. आपल्या तालुक्यात रावेरीला सीतेचं देऊळ आहे, रामाशिवाय एकट्या सीतेचं. राज्यातून घालवून दिलेल्या राणीला ज्या मातीनं जागा दिली, तिथं हरलेल्यांचा अभ्यास नीट व्हायला हवा.

१९६९ ची लढत आठवा. गिरी आणि संजीव रेड्डी यांच्यात सगळे गुंतले होते. तिसरे होते चिंतामणराव देशमुख. महाडजवळच्या नाते गावचे. आयसीएस होऊन ज्या मध्यप्रांत-वऱ्हाडात नोकरी केली तो आपलाच मुलूख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, देशाचे अर्थमंत्री, आणि मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही म्हणून १९५६ ला मंत्रिपद सोडणारे. त्यांना १,१२,७६९ मिळाले. पहिल्या फेरीत जिंकायला लागणारा कोटा कोणीच गाठला नाही. मग खालचे उमेदवार बाद करत त्यांची दुसरी पसंती मोजली आणि गिरी ४,२०,०७७ वर पोचले, रेड्डी ४,०५,४२७ वर अडकले. दुसऱ्या पसंतीवर निकाल लागलेली ही एकमेव निवडणूक. मराठी माणूस राष्ट्रपती होण्याची ती संधी अडतीस वर्षं पुढे गेली, आणि अशा माणसाला देशानं तिसरा नंबर दिला याचं मला अजून वाईट वाटतं.

रेड्डींचं वाईट वाटून घेऊ नका. १९६९ ला स्वतःच्या पक्षाचे अधिकृत उमेदवार असून पडले, १९७७ ला बिनविरोध आले. २००२ ला आझाद हिंद सेनेच्या कॅप्टन लक्ष्मी सहगल कलामांसमोर उभ्या राहिल्या आणि हरल्या. हरणार हे त्यांना ठाऊक होतं. ऐंशी उलटलेली होती. तरी अर्ज भरला.

शेवटची सूचना

मुर्मूबाईंची मुदत २४ जुलै २०२७ ला संपते, त्याआधी निवडणूक व्हायला हवी. १७५ तोवर बदलेल याची आशा धरू नका. अर्ज दिल्लीतच द्यावा लागतो, इथल्या तहसीलमध्ये घेत नाहीत. अनामत पंधरा हजार. अर्जासोबत लोकसभा मतदारसंघाच्या यादीतल्या आपल्या नावाची प्रमाणित प्रत जोडावी लागते. राळेगावकरांनी ती यवतमाळ-वाशिमची काढावी. वणी आणि आर्णीवाल्यांनी चंद्रपूरची. प्रत हातात पडली की खिडकीवरून हलण्याआधी शिक्का तारखेवर तर पडला नाही ना, एवढं बघून घ्या.